कुठलं तेल लावू हे विचारण्याआधी सप्टेंबर आठव

पत्र : "ताई, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय २९, वजन ५८, सातपूरला कंपनीत जॉब. डिसेंबरपासून केस इतके गळतायत की बाथरूमची जाळी रोज तुंबते. कांद्याचा रस, मेथी, अंडं, दही-लिंबू सगळं करून झालं. रोज रात्री तेल चोपडून झोपते तरी डोक्यात खाज आणि कोंडा आहेच. सासूबाई म्हणतात माका आणि शिकेकाई वापर, नवरा म्हणतो बायोटिनच्या गोळ्या घे. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यानेही होत असेल का? सप्टेंबरच्या शेवटी डेंग्यू झाला होता पण आता बरी आहे. मे मध्ये नणंदेचं लग्न आहे म्हणून दिवाळीनंतर वजन कमी करायला एकदाच जेवते. कधीकधी वाटतं सरळ केस बारीक कापून टाकावेत. कुठलं तेल लावू ते तरी सांगा."

अगं, आधी एक सांगते, तू जे लिहिलंयस त्यावरून तरी तुला टक्कल पडेल असं मला अजिबात वाटत नाही, तेवढं मनातून काढून टाक. आणि दुसरं म्हणजे तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तेलाबिलाबद्दल भरभरून लिहिलंयस आणि डेंग्यूबद्दल एकच ओळ, तीही शेवटी शेवटी. मला विचारशील तर तुझ्या केसांची सगळी गोष्ट त्या एका ओळीत आणि तिच्या पुढच्या ओळीत आहे.

बघ, आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, दोन ते सहा धर, मग त्याची वाढ थांबते, मग तो तीनेक महिने नुसता मुळाशी बसून असतो आणि मग गळतो, त्याच्या जागी नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात, ज्यांचे केस दाट दिसतात त्यांचेसुद्धा. आता अंगात मोठा ताप आला, डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, किंवा माणूस महिनोन् महिने अर्धपोटी राहिला, की शरीर आधी जिवाचं बघतं, केसांचं नंतर. त्यामुळे एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदमच वाढ थांबवून बसतात. पण गळतात ते तेव्हा नाही, दोन-तीन महिन्यांनी गळतात! आता बोटांवर मोज, सप्टेंबर अखेर ताप, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात, नाव मोठं आहे पण मूळ कारण निघून गेलं की बहुतेकींचं तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरतं.

उद्या एक कर. जाळीतला एक केस उचल आणि उजेडात धरून त्याचं टोक बघ. पांढरा बारीक ठिपका दिसेल, टाचणीच्या डोक्यासारखा. तो बघून बायका हादरतात, मूळच निघालं म्हणून रडतात. मूळ नाहीये ते. केसाची मुदत संपली की त्याचं खालचं टोक असं गोळा होतं, खरी मुळाची पिशवी आत कातडीतच राहते आणि त्याच पिशवीतून पुढचा केस येतो. असे ठिपकेवाले लांब केस गळत असतील तर ते डेंग्यूच्या हिशोबातले. आणि ठिपका नसलेले, मधूनच तुटलेले तुकडे जास्त असतील तर केस मुळातून गळत नाहीयेत, तुटतायत, मग गरम हवेचा ड्रायर, ओले केस खसाखसा विंचरणं, घट्ट रबर, असलं काहीतरी बघायचं.

हे सगळं एवढं सविस्तर सांगतेय कारण मी स्वतः यात फसलेय. मी पंचविशीत असताना टायफॉइड झाला आणि पुढे दोन-अडीच महिन्यांनी केस असेच मूठमूठ. एका पार्लरवालीने एक तेल दिलं, तेव्हाच्या माझ्या पगाराच्या मानाने भलतंच महाग, मी दोन महिने न चुकता लावलं आणि केस गळायचे थांबले. मी मनापासून मानलं की तेलानेच थांबले. मग मी ते तेल बहिणीला सांगितलं, ऑफिसमधल्या तिघी-चौघींना सांगितलं, त्यातल्या एकीला थायरॉइड होता, तिने तेलाच्या भरवशावर वर्षभर टेस्टच केली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. ती गळती तशीही थांबणारच होती, थांबायच्या वेळेला हातात जी बाटली होती तिला श्रेय मिळालं. तुला प्रत्येक बाई वेगळं तेल छातीठोकपणे सांगते ना, त्या खोटं नाही बोलत गं, त्यांचं असंच झालेलं असतं.

आता मला खरी काळजी वाटते ती एकदाच जेवण्याची. डेंग्यूचा धक्का बसून गेला, पण नोव्हेंबरपासून तू जे अर्धपोटी राहतेयस त्याचे केस फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतील आणि लग्न मे मध्ये आहे. म्हणून वजन कमी करायचं ते महिन्याला दीड-दोन किलो अशा बेताने कर, पण दोन जेवणं आणि नाश्ता हवाच, याला दुसरा उपाय नाही.

केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, केराटिन. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (हैदराबादची) २०२० साली जे प्रमाण सांगितलंय त्यानुसार वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, म्हणजे तुला साधारण ४८ ग्रॅम. तू एकदाच जेवतेस त्यात दोन पोळ्या, भाजी आणि ताक असेल तर १२ सुद्धा होत नसतील. एका अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७, ग्लासभर दुधात ६-७, वाटीभर मटकीच्या उसळीत ८-९, अशी दिवसभराची बेरीज करून बघ, अवघड नाहीये. आणि ते डोक्याला लावतेस ना अंडं, ते उद्यापासून खा. अंड्यातलं प्रोटीन एवढं मोठं असतं की ते केसाच्या आत जात नाही, वरवर बसतं आणि पाण्याने जातं, शिवाय पाणी जरा जास्त गरम असलं तर डोक्यावरच शिजतं आणि मग तासभर कण वेचत बसा.

दुसरं लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं, म्हणजे तू, मी, तुझी नणंद, आपल्यातली प्रत्येक दुसरी. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९, आणि घरोघरी सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं बाई खाते, हे मला अजिबात पटत नाही पण तसंच चालू आहे. आत्ता थंडी आहे, नाशिकला या दिवसांत काय काय मिळतं बघ ना, पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी), खुरासणी (कारळे), हुलगे, काळे तीळ, शेवग्याचा पाला, मेथी, तांदुळजा. हुलग्याचे शेंगोळे कर, खुरासणीची चटणी पानात डाव्या बाजूला रोज असू दे, नागलीची भाकरी आठवड्यात तीनदा. नागलीत लोहापेक्षा कॅल्शियम जास्त असतं पण ती पोटाला धरून राहते, तुझ्यासारखीला भूक मारायला यापेक्षा चांगलं काही नाही. अळीव भिजवून चमचाभर दुधातून किंवा खोबरं-गुळाचा लाडू करून खा, फक्त पाळी चुकली असेल, दिवस असतील अशी शंका असेल तर अळीव नको.

आणि यात एक मोठी चूक आपण सगळ्याच करतो. जेवण झालं रे झालं की चहा. चहामुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवण आणि चहा यात तासभर तरी जाऊ दे. उलट लिंबू, आवळा, पेरू यातल्या सी व्हिटॅमिनने तेच लोह जास्त घेतलं जातं. म्हणजे जे लिंबू तू डोक्याला लावतेस ते वरणावर पीळ! आवळ्याचंही तेच, बाजारात आत्ता ताजे आवळे आहेत, एक आवळा किसून मीठ लावून जेवणाबरोबर. भाजी लोखंडी कढईत, आंबट घातलेली असेल तर आणखीच चांगलं, फक्त शिजली की दुसऱ्या भांड्यात काढ, काळी पडते.

आता लावायच्या गोष्टी. कांद्याच्या रसाचं एवढं नाव झालं त्याला थोडा आधार आहे, २००२ साली बगदादच्या डॉक्टरांचा एक लहानसा अभ्यास आला होता, पण तो चाई पडलेल्या लोकांवरचा होता, गोल गोल चकत्या पडतात ना ती. तुझी गळती वेगळी आहे. नाशिक जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही पण तुझ्या खाजऱ्या डोक्याला रोज कच्चा रस म्हणजे आगीत तेल, बंद कर. लिंबू लावून उन्हात गच्चीवर बसणं तर मुळीच नको, लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते, काळे डाग पडतात. मेथी चालेल, जास्वंदीची पानंही चालतील, दोन्हींना बुळबुळीत गीर सुटतो आणि त्याने केस मऊ होतात, गुंता कमी होतो, तुटणं कमी होतं. तेवढंच काम आहे त्यांचं पण ते काम त्या छान करतात.

सासूबाईंच्या माक्याबद्दल. माक्याला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मान आहे, उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या अर्काने केस लवकर उगवलेलेही दिसलेत, माणसांवर तेवढा ठाम पुरावा अजून नाही. पण मी स्वतः माक्याचं तेल वर्षानुवर्षं करते आणि करत राहणार, कारण खोबरेल तेल ही खरंच चांगली गोष्ट आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तिन्ही तपासली होती, त्यात धुताना केसातलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, ते केसाच्या आत शिरतं, बाकीची वर राहतात. म्हणजे तेल मुळाला खाऊ घालत नाही, जो केस बाहेर आलाय त्याला सांभाळतं. हा फरक लक्षात ठेवलास तर कुठलंच तेल तुला फसवणार नाही.

करायचं असेल तर असं कर. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात माक्याची जुडी मिळाली तर घे, पाल्यात बारीक पांढरी फुलं असतात, पान बोटांत चुरडून थोडा वेळ थांब, बोटं काळपट झाली की माका खरा. सासूबाईंना घेऊन जा, त्या बरोबर ओळखतील. नाहीच मिळाला तर काष्ठौषधीच्या दुकानातून सुका आण. ओल्या माक्याच्या दोन-तीन मुठी धुवून वाटायच्या, अर्धा लिटर घाण्याचं खोबरेल, मूठभर कढीपत्ता, दोन आवळे किसून, लोखंडी कढई, आणि आच अगदी मंद. घाई केलीस तर पाला जळतो आणि तेलाला करपट वास येतो तो मग जात नाही. आधी खूप फेस येतो, तडतड आवाज येतो, ते पाणी उडतंय. हळूहळू आवाज बारीक होतो. मग थोडासा लगदा चमच्याने काढून निवू दे, चिमटीत घेऊन वळ, त्याची वात वळली पाहिजे, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतड न करता जळली पाहिजे. तडतडली तर पाणी आहे अजून, ते तेल महिन्याभरात खवट होणार. निवल्यावर सुती फडक्यातून गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भर. सध्या आपल्याकडे सकाळी ते पार थिजतं, बाटली दहा मिनिटं उन्हात ठेवायची, गॅसवर गरम करत बसू नकोस.

पण हे तेल रोज रात्री नाही! तुझ्या कोंड्याचं आणि खाजेचं कारण बहुतेक तेच आहे. कोंडा म्हणजे कोरडेपणा असं आपण समजतो म्हणून अजून तेल थापतो. खरं तर डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच असते, ती तेलकटपणावरच जगते आणि ती माजली की खाज, पापुद्रे. त्यात तू हेल्मेट घालून सातपूरला जात असशील तर आत घाम, वर रात्रीचं तेल. (हेल्मेट सोडायचं नाही हं, हेल्मेटने केस गळत नाहीत, आत फक्त पातळ सुती रुमाल बांध आणि तो रोज धू.) त्यामुळे कोंडा जाईपर्यंत तेल कातडीला नकोच, केसांच्या लांबीला लाव, धुण्याआधी दोन तास, आठवड्यातून दोनदा. कडुलिंबाचा पाला उकळून निवलेल्या पाण्याने शेवटचं धुणं करून बघ, बऱ्याच जणींची खाज शमते. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा २ टक्केवाला शॅम्पू औषधाच्या दुकानात मिळतो, आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवायचा, महिनाभर. घरगुती करताना औषधाचा शॅम्पू वापरणं म्हणजे हार मानली असं काही नसतं.

शिकेकाई कोंडा नसताना छान. शिकेकाई, थोडा रिठा, आवळकाठी, थोडा नागरमोथा, कपूरकाचरी, रात्री भिजत घालून सकाळी उकळून गाळून ते पाणी वापर, पूड तशीच डोक्यात घालू नकोस, कण अडकतात आणि खाज वाढते. रिठा डोळ्यात गेला तर फार झोंबतो. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, केस राठ होतात, तुटतात, साबणाचा चिकट थर बसतो, पण केस मुळापासून गळत नाहीत, म्हणून पाण्याला एवढा दोष देऊ नकोस. शेवटचे दोन तांबे महानगरपालिकेच्या नळाचे घे, झालं.

बायोटिन म्हणजे ब गटातलं एक व्हिटॅमिन. याची कमतरता फारच कमी लोकांना असते आणि कमतरता नसेल तर गोळीने काही होत नाही. उलट भारी डोसच्या बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, तर आधीच सुरू केलं असशील तर टेस्टच्या आधी लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांग. केसांच्या गोळ्या-गमीज मनाने खाऊच नका कोणी, काही गोष्टी जास्त झाल्या तर त्यांनीच केस जातात, अ व्हिटॅमिन, सेलेनियम नावाचं खनिज. आठवतंय का, २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्याकडे शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत भराभर गेले होते, तपासण्यांत रक्तात सेलेनियम वाढलेलं निघालं आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं होतं.

टेस्ट मात्र कर, या आठवड्यातच. सीबीसी (रक्ताची साधी तपासणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची), आणि बी १२ व डी ही व्हिटॅमिनं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली किंवा फेरिटिन ३० च्या खाली असेल तर नुसत्या शेंगोळ्यांनी भागणार नाही, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील त्या घ्यायच्या, मनाने नाही. आणि चकती पडली, भांग रुंद होत चाललाय असं वाटलं, डोक्यात पू किंवा दुखणारे फोड आले, पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस यायला लागले, किंवा जूनपर्यंतही गळणं कमी झालं नाही, तर घरी काहीही न करता थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे.

राहिलं केस कापायचं. कापल्याने मुळाला काहीच फरक पडत नाही, जाळीतले केस लांडे दिसतील म्हणून कमी वाटतील एवढंच. मला वाटतं बारीक नको कापूस, भीतीपोटी तर नकोच. दोन-तीन बोटं टोकं काढ, दुभंगलेली असतील ती जातील. महिन्याला केस साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा मार्चमध्ये आरशात कपाळाच्या कडेला बघ, बोटाच्या पेराएवढे उभे राहिलेले बारीक केस दिसतील, ते दिसले की मला लिहून कळव. मे पर्यंत ते अंबाड्यात मावणार नाहीत, बाहेर उभे राहतील, पार्लरवाली जेल लावून चापून बसवू का म्हणाली तर सांग, राहू दे तसेच.